तारेला टोचलेली चिठ्ठी

दामूअण्णांनी मला फसवलं, असं मी अकरा वर्षं सांगत आलो. ते खोटं आहे. फसवलं मी. दामूअण्णांना.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही — आणि दुकानात रोज चहाला येऊन बसणाऱ्यांना तर मी उलटंच सांगत आलो. इतक्या वेळा सांगितलं, की मधली काही वर्षं मला स्वतःलाच ते खरं वाटायचं. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे असं समजा. किंवा ओळखीचेही असाल. धायरीला माझ्याकडून टायर घेतला असेल, दरावरून माझा आवाज चढलेला ऐकला असेल. मग तुम्हाला ती गोष्ट माहीतच असणार — कसब्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझी गाडी कशी घालवली, ती. ऐकून तुम्ही हसलाही असाल. मी ती हसण्यासारखीच सांगायचो.

एकदम मुद्द्यावर येणं जमत नाही. गाडीपासून येतो.

मी बुलढाण्याकडचा. एकोणिसाव्या वर्षी पुण्यात आलो, भोसरीला कारखान्यात लागलो, मग पंक्चरची टपरी टाकली, मग टायरचं दुकान. कुणी बोट धरून चालवलं नाही. त्यामुळे कुणी ‘नाही’ म्हटलं की माझं डोकं फिरतं — अजून फिरतं. पहिल्या किमतीला मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा नाही.

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली खडकवासल्याच्या मागच्या बाजूला. काही हौशी मंडळी तिथं उतारावर मोटारसायकली उडवायची आणि मी त्यांना चिखलात पकड धरणारे, गोट्यांचे टायर पुरवायचो. हिवाळ्यातली सकाळ होती. धरणाच्या पाण्यावर धुकं इतकं खाली बसलं होतं, की पलीकडचा डोंगर पाण्यातून वर आल्यासारखा दिसत होता. आणि त्या धुक्यातून एक गाडी वर चढत आली. चालवणारा सीटवर बसलेला नव्हता, पायऱ्यांवर — पाय ठेवायच्या दांड्यांवर — उभा होता. चिखल मागे उडत होता, आवाज मात्र माझ्यापर्यंत जरा उशिरा पोचत होता — की मला तसं वाटलं? गाडीला दिवा नव्हता. आरसा नव्हता. हॉर्न नव्हता, नंबर नव्हता. तिच्यावर कुणाचं काहीही लिहिलेलं नव्हतं.

मी चाळिशीला टेकलेलो, पोट सुटलेला दुकानदार. हातात टायर घेऊन तसाच उभा राहिलो.

पुढं त्या चालवणाऱ्याचा गुडघा निकामी झाला आणि त्याच्या आईनं गाडी घराबाहेर काढायला सांगितली. मी तिसऱ्या दिवशी हजर. तीनदा उठून दारापर्यंत गेलो, तीनदा त्यानं परत बोलावलं. गाडी मिळाली, सोबत एक कागद मिळाला. त्यावर छापलं होतं — फक्त मैदानावर वापरण्यासाठी, सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी नाही. मी तो घडी करून खिशात ठेवला. कागदाशी मला काय करायचं होतं?

दोन वर्षं मी ती दर रविवारी टेम्पोत घालून धरणाच्या मागं न्यायचो. दोरांनी बांधलेली. बाजाराला नेतात तशी. तिथं तासभर चालवायची, पुन्हा बांधायची, पुन्हा आणायची. टेम्पोत तिच्याशेजारी बसून येताना मला एकच चित्र दिसायचं: मी तिला घराच्या फाटकातूनच सुरू करून काढतो. पहाट आहे, रस्ते ओले आहेत, सिग्नल पिवळे उघडझाप करताहेत. सिंहगड रस्ता, नदी, पूल, मग पेठा. मी पायऱ्यांवर उभा आहे. कुणी थांबवत नाही. एवढंच. झोपेत नाही, जागेपणी दिसायचं. गिऱ्हाईक समोर उभं असताना दिसायचं.

मग मी आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला.

“अहो, यावर लिहिलंय की रस्त्यासाठी नाही. आणि आपण विचारताय, रस्त्यावर आणू का. आता मी वेगळं काय सांगणं अपेक्षित आहे?”

तरी त्यांनी सरळ वाट सांगितली, हे मला कबूल केलं पाहिजे. गाड्या तपासून मान्यता देणारी सरकारी संस्था असते, तिकडे अर्ज करा, ते ब्रेक बघतील, दिवे, धूर, आवाज बघतील. मान्यता मिळाली तर इथं नोंद होईल. “आणि नाही मिळाली तर?” मी विचारलं. “तर नाही,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे बघितलं.

वाट होती. लांबची होती, शेवटी दार बंदही निघालं असतं — पण होती. मी गेलो नाही. अर्ज करून सहा महिन्यांनी ‘नाही’ ऐकायचं? मी?

त्याऐवजी गाडी सजवली. पुढचा दिवा, मागचा दिवा, इंडिकेटर, हॉर्न, दोन आरसे, आवाज दाबणारा सायलेन्सर. मागच्या चाकाला साडीगार्डसुद्धा बसवलं, कारण नियमात आहे. मंगल — माझी बायको — कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. “यावर मी साडी नेसून बसायचं का? पाटाएवढं तर सीट आहे. आणि चढायला शिडी कोण देणार?” मी चिडलो. तिला हसू आवरेना. त्या दिवशी तिचं ऐकून मीही हसलो असतो, तर पुढचं काहीच झालं नसतं. असं आपलं वाटतं.

सगळं बसवलं, तरी गाडीला नाव नव्हतं. आणि माझ्या कपाटात एक नाव पडून होतं.

माझी पुण्यातली पहिली मोटारसायकल. ती केव्हाच भंगारात गेली होती, सुटी-सुटी करून. पण तिचं नोंदणीचं पुस्तक मी जपून ठेवलं होतं — पहिली कमाई म्हणून. इंजिन दोन्हींचं एकाच कंपनीचं, मापही जवळपास तेच. म्हणजे बघा: एक गाडी, तिला कागद नाहीत. आणि कागद आहेत, त्यांना गाडी नाही. कुणालाही सुचलं असतं. मला सुचलं.

जुन्या पुस्तकाची पंधरा वर्षं भरत आली होती. नूतनीकरणाला गाडी समोर न्यावी लागते. तिथं साहेब चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर कागद धरतात आणि वरून पेन्सिल घासतात. नंबर पांढरा उमटतो, भोवती राखाडी. तो पुस्तकाशी जुळला, की गाडी ती. एका रविवारी मी गोदामाचं शटर आतून ओढून घेतलं आणि गाडीच्या हँडलखालच्या नळीवरचा मूळ नंबर ग्राइंडरनं घासून काढला. ठिणग्या उडाल्या, मग तिथं आरशासारखी गुळगुळीत जागा झाली. तिच्यात माझा चेहरा दिसत होता, लांबट.

आता नवा नंबर ठोकणारा हात हवा होता. नाना पेठेत लेथवाले पुष्कळ. पण ते गाडी बघताच ओळखणार, डोळे मिचकावणार आणि जन्मभर माझ्या डोक्यावर बसणार. मला असा माणूस हवा होता, ज्याचा हात पक्का आहे आणि ज्याला गाड्यांतलं काही कळत नाही. आणि जो माझ्यावर विश्वास ठेवतो.

असा माणूस मला माहीत होता.

दामूअण्णा कसबा पेठेत भांड्यांवर नावं घालायचे. मशीन घेऊन खरडणारे नव्हे — छिन्नी आणि छोटी हातोडी, टिंबाला टिंब लावत. आकड्यांसाठी पोलादी ठसे होते, वडिलांच्या वेळचे, लाकडी खोक्यात एक ते शून्य ओळीनं. माझ्या संसाराची पहिली ताटं, दुकानाची पितळी पाटी, पोरांच्या मुंजीत वाटलेल्या वाट्या — सगळ्यांवर त्यांचंच अक्षर. अक्षराला दर ठरलेला. मी प्रत्येक वेळी भांडायचो. “काना-मात्रा फुकट देतोय, गजाननराव,” ते मान वर न करता म्हणायचे, “तुमच्या नावात एक काना आहे, तेवढा घ्या फायदा.” त्या माणसाकडून मी कधी एक पैसा कमी करून घेऊ शकलो नाही. माझ्या बाबतीत असा तो एकटाच.

त्यांच्या दोन सवयी सांगायला हव्यात. एक म्हणजे, नाव पुरं झालं की शेवटी ते तीन टिंबांचं बेलाचं पान काढायचे, मोहरीएवढं. वडीलही काढायचे. त्याचे पैसे नसत. दुसरी सवय म्हणजे चिठ्ठी. काय घालायचं ते गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. काम झालं की ती चिठ्ठी भिंतीवरल्या तारेला टोचून ठेवत. कारण लग्नाच्या दिवसांत बायका परत येऊन भांडायच्या — मी असं नाही, तसं सांगितलं होतं. अण्णा काही बोलत नसत. तार काढायची, चिठ्ठी शोधायची, बाईंच्या पुढ्यात ठेवायची. दुकानात शांतता.

मी गाडी टेम्पोतून उतरवून गल्लीत ढकलत नेली. सांगितलं, “अण्णा, जुनी चेसिस तुटली. ही बदलून घेतली. जुना नंबर हिच्यावर ठोकायचा आहे.”

“सरकारी काम आहे हे. मी बंबावर घालतो, देवळातल्या घंटेवर घालतो. गाडीवर कधी घातलेला नाही.”

“परवानगी आहे.”

“मग तसं लिहा चिठ्ठीवर. आणि सही करा.”

हात थांबला माझा. क्षणभरच. नाही म्हणालो असतो तर तिथंच संपलं असतं. मी लिहिलं. वर नंबर, खाली ‘आरटीओची परवानगी आहे’, त्याखाली सही. त्या दिवशी मी दरावरून भांडलो नाही. अण्णांना तेव्हाच कळायला हवं होतं.

ते दुपारचे दोन तास मला अजून दिसतात. अण्णांनी हँडलखाली लाकडाचा ठोकळा लावला. ठसा धरायचा, मान कलती करायची, श्वास धरायचा, एक घाव. पुढचा ठसा. गल्लीत शेजारी कुणी तांब्याचा हंडा ठोकत होतं, त्याचा ठेका वेगळा, अण्णांचा वेगळा, आणि मध्येच दोन्ही एकत्र यायचे. दुकानाच्या दारातून उन्हाची पट्टी आत आली होती, तिच्यात पितळेची धूळ तरंगत होती. मला पेंग आली. वाटत होतं, हे असंच चालावं, संपू नये. एक निनावी वस्तू माझ्या डोळ्यांदेखत माझी होत होती. त्या गुंगीत मी शेवटचा आकडा झाल्यावर नीट बघितलं नाही.

आरटीओच्या मैदानावर साहेब तरुण होते. कागद धरला, पेन्सिल घासली. राखाडी रंगातून एकेक आकडा पांढरा वर येत गेला — त्या सकाळी धुक्यातून गाडी आली होती तसा. सगळे आले. आणि शेवटच्या आकड्यानंतर आणखी काहीतरी आलं. तीन टिंबं.

साहेबांनी कागद उन्हात धरला. “हे काय आहे?”

मी कागदाकडे वाकून बघितलं.

“कंपनी नंबराच्या शेवटी बेलपान काढते, हे मला शिकवलं नव्हतं.”

अण्णांचा हात थांबलाच नव्हता. आयुष्यभर प्रत्येक नावाखाली जे केलं, ते त्यांनी माझ्या खोट्या नंबराखालीही केलं. माझा राग तिथला आहे. सांगितलं तेवढं ठोकायचं होतं ना? वर आणखी कुणी मागितलं होतं? अकरा वर्षं मी हाच प्रश्न चारचौघांत विचारत आलो आणि लोक मान डोलवत आले.

पण साहेबांनी विचारलं होतं दुसरंच. कुणी ठोकलं? परवानगी कुठं आहे?

आणि मी म्हणालो, “चेसिस बदलली होती, साहेब. कसब्यात दामूअण्णा म्हणून आहेत, त्यांनी ठोकलं. मी विचारलं परवानगी लागते का. ते म्हणाले, ती आहे माझ्याकडे, मी हेच काम करतो.”

अडखळलो नाही. घाम फुटला नाही. भाव करताना येतात तसे शब्द आले — सहज, आपोआप, समोरच्याचा चेहरा बघत. साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली. गाडी तिथंच ठेवून घेतली. प्रकरण पोलिसांकडे जाईल, म्हणाले, उद्या चौकशीला कसब्यात येतील.

उद्या. म्हणजे आज माझ्याकडे वेळ होता.

इथवर मी निदान स्वतःशी तरी कधी कधी येत होतो. खोटं बोललो, घाबरलो होतो, कुणीही घाबरलं असतं — असं म्हणत. याच्यापुढचं मात्र मी स्वतःशीही उच्चारलेलं नाही.

मी रिक्षा केली आणि थेट कसब्यात गेलो.

अण्णा ओट्यावर बसून एका कळशीवर नाव घालत होते. “या. झालं काम?” “होतंय,” मी म्हणालो. “चेहरा उतरलाय तुमचा. बसा, चहा सांगतो.” ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, चपला शोधल्या आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात स्वतः गेले. दुकान माझ्यावर सोडून. त्यात त्यांना वावगं काय वाटणार होतं? सतरा वर्षांची ओळख.

मी तार खाली काढली. वरच्या दहा-बारा चिठ्ठ्या एकेक करून उपसल्या. कुणाची नात, कुणाची भाची, ‘मामाकडून सप्रेम भेट’, ‘आईच्या स्मरणार्थ’. लोकांची हस्ताक्षरं, काही थरथरती. मग माझी आली. ती खिशात घातली. बाकीच्या होत्या त्या क्रमानं पुन्हा टोचल्या — घाई नव्हती, हात स्थिर होता. तार भिंतीवर लावली. ती थोडा वेळ हलत राहिली. ती थांबेपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो.

अण्णा दोन पेले घेऊन आले. मी चहा प्यायलो. पूर्ण प्यायलो. त्यांनी मला पैसे देऊ दिले नाहीत.

ती चिठ्ठी फाडावी, जाळावी, असं ठरवत मी घरी आलो आणि विसरलो. खरंच विसरलो, तशीच खिशात राहिली. सकाळी मंगलनं शर्ट मशीनमध्ये टाकला. सगळ्या कपड्यांवर कागदाचे पांढरे कण — पोरांच्या गणवेशावर, उशांच्या अभ्र्यांवर. ती दोरीशी उभी राहून एकेक कण वेचत होती. “काय होतं खिशात?” “बिल होतं,” मी म्हणालो. “कशाचं?” मी तिच्यावर ओरडलो. शेजारच्या बाल्कनीतले लोक बघायला लागले.

त्याच दिवशी पोलिसांनी मला ओळख पटवायला अण्णांच्या दुकानात नेलं. अण्णा आधी गोंधळले. मग अंदाज आल्यावर चक्क निर्धास्त झाले. “अहो, चिठ्ठी आहे ना माझ्याकडे,” म्हणाले. “थांबा, एका मिनिटाचं काम आहे.” तार काढली. एकेक चिठ्ठी वाचून ओट्यावर मांडली. शेवटपर्यंत आले. पुन्हा पहिल्यापासून. मग चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा. गल्लीतली माणसं दारात जमली होती. वर्षानुवर्षं त्या तारेनं भांडायला आलेल्या प्रत्येकाला खोटं पाडलं होतं, आणि आज अण्णांची बोटं तिच्यावर रिकामी फिरत होती.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही. तेच तर. आठवायला मदत करा, अशा नजरेनं.

“गजाननराव, तुम्ही लिहून दिली होती ना? परवानगीचं?”

“मला नाही आठवत,” मी म्हणालो.

यापेक्षा मोठं वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात गेलं नसेल. तीन शब्द.

ठशांचं खोकं पोलिसांनी पुरावा म्हणून नेलं. अण्णा काही वर्षं तारखांना जात राहिले. शेवटी काही सिद्ध झालं नाही, सुटले. पण लेकीच्या लग्नाची भांडी पोलिसांनी नेलेल्या माणसाकडे कोण देतं? त्यांचं दुकान बंद झालं, ते मुलीकडे राहायला गेले — येरवड्याला. आणि मी दुकानात काय सांगायचो माहीत आहे? “म्हातारा येरवड्याला गेला.” एवढंच म्हणून थांबायचो. लोकांना तुरुंग वाटायचा. मी दुरुस्त करत नसे. एकदा तर कुणी टाळी दिली, ती मी घेतली.

गाडीचं काय झालं? जप्त होऊन कुठल्याशा आवारात उभी राहिली. एकदा लांबून बघितली. घाणेरीची झुडपं पार हँडलपर्यंत आली होती. नंतर लिलावात भंगार म्हणून गेली. त्यानंतर ती फक्त स्वप्नात येते. मी पहाटे पेठांतून चालवतो आहे, पायऱ्यांवर उभा. लोक दारात येतात, प्रत्येकाच्या हातात एकेक भांडं. ते उलटं करून मला दाखवतात. वाटी, तांब्या, परात. कुणाच्याच भांड्यावर काही लिहिलेलं नसतं. कुणी रागावलेलं नसतं. मी आपला चालवत राहतो, आणि गल्ली संपत नाही.

इतकी वर्षं हे असंच चाललं, पुढंही चाललं असतं. मागच्या महिन्यात एक बाई स्कूटरचा मागचा टायर बदलायला आल्या. टायर बसेपर्यंत भिंतीवरच्या पितळी पाटीकडे बघत उभ्या होत्या.

“हे बाबांचं अक्षर आहे,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “म्हणजे तुम्ही ते गजाननराव?”

वाटलं, आता शिव्या घालणार. मी तयार झालो. शिव्यांना उत्तर देणं मला येतं.

“बाबा फार आठवण काढतात तुमची,” त्या म्हणाल्या. “म्हणतात, त्या परवानगीच्या बाबतीत तुम्हालाच कुणीतरी फसवलं असणार. तुम्ही बिचारे गाडीला मुकलात. आणि म्हणतात, चिठ्ठी माझ्याकडून हरवली, नाहीतर आम्ही दोघंही त्याच दिवशी सुटलो असतो. अजून जुन्या कागदांत शोधत असतात हो. मी सांगते, बाबा, आता पुरे. तर म्हणतात, चूक माझी आहे, त्या माणसापुढं जाऊ कोणत्या तोंडानं?”

ऐकलंत? अकरा वर्षं तो माणूस माझ्यासमोर यायला लाजतो आहे. शोधतो आहे. एका चिठ्ठीसाठी.

मी काय केलं असेल? पाया पडलो? खरं सांगितलं? मी चिडलो. “टायर झालाय, गाडी काढा, मागं रांग आहे,” असं ओरडलो त्यांच्यावर. मागं कुणी नव्हतं. त्या घाबरून बघत राहिल्या, पैसे ठेवले, गेल्या. जाताना म्हणाल्या, “सांगते बाबांना, भेटले होते म्हणून.”

दोनदा येरवड्याला गेलो. गल्ली विचारली, घर सापडलं, खिडकीतून त्यांची पाठ दिसली. दोन्ही वेळा परत फिरलो. ज्याला कुणी ‘नाही’ म्हटलेलं सोसत नाही तो मी, पण तिथं मला ‘नाही’ची भीती नव्हती. ते ‘या, बसा’ म्हणतील, याची होती.

मग हे सगळं कागदावर लिहिलं, सही केली आणि पोलीस चौकीत नेलं. ड्यूटीवरच्या हवालदारांनी शांतपणे वाचलं. “केस तर केव्हाच मिटलीय, काका. ते सुटले ना?” “सुटले.” “तुम्हीपण मोकळे ना?” “मोकळा.” “मग आता अकरा वर्षांनी यात मी काय लिहू?” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि, उन्हातून आलाय, पाणी घ्या, म्हणाले.

म्हणून तुमच्याकडे आलो आहे. माफी नको आहे. ती तुमच्याकडे नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे मी मागणार नाही. माझी गोष्ट ऐकून जे हसले, ज्यांनी मान डोलवली, त्यांना एवढंच सांगतो — दामूअण्णांनी खोटा नंबर ठोकला नाही, त्यांनी माझा शब्द ठोकला. चिठ्ठी त्यांच्याकडून हरवली नाही. ती चोरली गेली, त्यांच्याच चहाची वाट बघत असताना. याचा जाब कुणीतरी घेतला पाहिजे. सरकारला जमत नसेल, तर तुम्ही घ्या. धायरी फाट्याला टायरचं दुकान आहे, सकाळी नऊला उघडतं. आत या आणि गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं विचारा.